नागेशच्या टीममधले दोष

टॉवेलच्या कारखान्यात माल कितीही चांगला निघू द्या, चेकिंगच्या टेबलाशेजारी रिजेक्ट टॉवेलांचा ढीग साठतोच. कुणी मुद्दाम साठवत नाही. एकाची किनार वाकडी, एकाचा धागा निघालेला, एकावर तेलाचा डाग. ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला टाकायचे, आणि महिन्याभरानं बघावं तर कमरेएवढा ढीग! ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच होतं. हे यंदाच्या ढिगातले. यातल्या बहुतेकांत वाकडी किनार माझीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. मी एक्स्पोर्टला. म्हणजे परदेशी ग्राहकांशी बोलणं, सॅम्पल पाठवणं आणि त्यांचे रुसवे काढणं. अकरा वर्षं हेच करतोय. दिवाळीच्या थोडं आधी आमच्या अमेरिकेतल्या ग्राहकाचा ग्रेग नावाचा खरेदी-मॅनेजर व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेला की, त्यांच्या ऑफिसात सगळे फँटसी बास्केटबॉल खेळतात. कॉल संपला तसे आमचे माने साहेब उठून उभे राहिले.

“आपन बी काढू टीमा! गिऱ्हाइकासंगं बोलायला इषय हुतोय!”

माने साहेब मूळचे मंद्रूपचे. आयुष्यात बास्केटबॉल बघितला नव्हता, पण गिऱ्हाइकाच्या बाबतीत माणूस पक्का.

खेळ सोपा आहे. अमेरिकेतल्या लीगमधले खरेखुरे दहा खेळाडू आपण मोबाइलवर निवडायचे. एक खेळाडू एकाच टीमला मिळतो. तिकडे मॅचमध्ये तो जे काही करेल, त्याचे पॉइंट इकडे आपल्याला. दहांतले कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं, ते रोज मॅच सुरू व्हायच्या आधी ठरवायचं. दर आठवड्याला दोघादोघांची लढत. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ, त्यामुळे निकाल चहाबरोबर.

आम्ही सहा जण झालो. माने साहेब, डॉक्युमेंटेशनच्या शबाना मॅडम, क्वालिटी चेकिंगचा नागेश, मी आणि डिस्पॅचचे दोघं. डिस्पॅचवाले स्वतःची टीम कधी उघडूनही बघत नाहीत, तेव्हा आपणही त्यांच्याकडे बघायला नको.

या सहांत बास्केटबॉल खेळलेला माणूस एकच. मी. कॉलेजच्या टीमचा कॅप्टन होतो, विद्यापीठाकडून खेळलो. ही लीग कोण जिंकणार हे विचारायचीही गरज नव्हती.

*

टीम निवडायला जेवणाच्या सुट्टीत कॉन्फरन्स रूममध्ये बसलो. नंबर ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. नागेशचा पहिला नंबर आला, माझा सहावा. तिथूनच माझं डोकं तापलं.

मी दोनशे पानी वही भरून आणली होती. कोण कसा उडी मारतो, कुणाचा नेम कसा, कोचशी कुणाचं पटत नाही, सगळं. नागेशकडे काहीच नव्हतं. तो प्रत्येक खेळाडूबद्दल मला एकच प्रश्न विचारायचा.

“सर, ह्यानं मागच्या वर्षी किती मॅचा चुकवल्या?”

“अरे, कसा खेळतो ते विचार की!”

“ते हाय की सर. पन चुकवल्या किती?”

आणि मी, मूर्खासारखा, वहीत बघून सांगत होतो! शेवटी वैतागून विचारलं, “तुला हजेरी मांडायची आहे का?”

नागेश शांतपणे म्हणाला, “तसं न्हाय सर. आमच्या घरी भवानी पेठेत चार माग होते. तीन जुने. चौथा नवा घेतला, लई पळायचा. पन आठवड्यातनं दोन दिवस बंद. आमचे वडील त्याला ‘जावई’ म्हनायचे.”

सगळे हसले. मी हसलो नाही. माझी पाळी आली तसा मी माझा हुकमी खेळाडू घेतला. हवेत असा तरंगतो की मी त्याला मनात ‘हरीण’ म्हणायचो. नागेशनं माझ्या वहीतला त्याचा आकडा वाकून बघितला आणि हळूच म्हणाला,

“सर, तुमी जावई घेतलाव बघा.”

*

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दाढी करता करता मोबाइल बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “गेला!”

स्वयंपाकघरातून वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, “कोण गेलं?”

“गुडघा गेला!”

“अगंबाई! बाबांचा?”

ती कणकेच्या हातांनीच बाहेर धावली. तोवर आतल्या खोलीतून माझे वडील स्वतःच चालत आले. दोन वर्षं ‘गुडघा दाखवायचाय’ म्हणतात, पण त्या दिवशी ताठ चालत आले. “माझा? माझा हाय तसाच हाय की.”

मी सांगितलं की गुडघा अमेरिकेतल्या एका खेळाडूचा आहे. हरणाचा. आता दोन महिने खेळणार नाही.

वैशालीनं माझ्या अर्ध्या फेसाळ तोंडाकडे बघितलं. “ह्यांना डॉक्टरकडे न्यायला तुम्हाला दोन वर्षांत वेळ मिळाला नाही. आणि तिकडच्या गुडघ्यासाठी अर्धी दाढी टाकून आलात!”

पण मला हरणाचं दुःख नव्हतंच. मला दुःख हे होतं की नागेशचे दहाच्या दहा धडधाकट होते. कंपनीच्या बसमध्ये तो शेजारी येऊन बसला, म्हणाला, “सर, वाईट झालं बघा.” मी एमआयडीसी येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर कुठं हसू सापडतंय का बघत होतो. नाही सापडलं. त्यामुळं आणखी राग आला.

*

तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझे आणखी दोघं बसले. एकाची पाठ, एकाचा घोटा. शबाना मॅडम जहाजाच्या मालाच्या पावतीवरून, बिल ऑफ लेडिंगवरून, मान वर न करता म्हणाल्या,

“जाधव सर, तुमारी टीम है की हड्डी के डाक्टर की वेटिंग?”

“नशीब खराब आहे हो मॅडम.”

“और नागेशभाई का?”

“त्याचं नशीब जोरात आहे.”

“हौ. म्हंजे दोन्हीकडे नशीबच काम करालंय.” त्यांनी कागदावर शिक्का मारला. “मग तुमी दोघं काय करताव?”

*

आता चटणीचा किस्सा. हा सांगायला मला लाज वाटते, पण शबाना मॅडमनी तो सगळीकडे सांगितलाच आहे, तेव्हा माझ्याकडून ऐकलेला बरा.

नागेशकडे एक डावखुरा खेळाडू होता. शांतपणे येतो, वीस-बावीस पॉइंट करतो, घरी जातो. तो मला हवा होता. खरं सांगायचं तर, मला हवा होता यापेक्षा नागेशकडे नको होता. खेळाडूंची अदलाबदल करता येते, पण दोघांची संमती लागते.

मी वैशालीला सांगून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून घेतली. जेवणाच्या सुट्टीत नागेशच्या डब्याशेजारी माझा डबा ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“घे रे नागेश. घरचं दही पण आणलंय.”

त्यानं खाल्लं. मनापासून खाल्लं. मग मी विषय काढला. तुझी टीम जड झालीय, बॅलन्स नाही, तुला एक उंच माणूस पाहिजे, माझ्याकडे आहे, तू मला तो डावखुरा दे. पाच मिनिटं बोलत होतो. नागेशनं बोटाला लागलेली चटणी चाटली.

“सर, तुमाला खरंच पायजे का तो?”

“मी तुझ्या फायद्यासाठी म्हणतोय.”

“न्हाय, पायजे असंल तर घ्या की. त्यात काय!”

आणि त्यानं तिथल्या तिथं मोबाइलवर ‘मान्य’चं बटन दाबलं! मी तयार ठेवलेले बाकीचे मुद्दे तसेच घशात राहिले.

पुढच्या आठवड्यात डावखुऱ्यानं माझ्याकडे येऊन सहा, नऊ आणि चार पॉइंट केले. मी दिलेला उंच माणूस नागेशकडे जाऊन पेटला. शेवटी न राहवून मी चेकिंगच्या टेबलापाशी गेलो.

“नागेश, खरं सांग. हा तुझ्याकडे असताना एवढा कसा खेळायचा? काय करायचास तू?”

नागेश टॉवेल उजेडाकडे धरून डाग शोधत होता. खूप विचार करून म्हणाला,

“मी बघतच नव्हतो सर त्याच्याकडं.”

*

आमच्यात व्हिडिओ कॉलवर कुणी बोलायचं हे ठरलेलं असतं. बोलतो मी. माने साहेब मधून मधून ‘येस येस’ म्हणतात. नागेश सॅम्पल हातात घेऊन मागे उभा असतो, आणि मी खूण केली की टॉवेल पसरून दाखवतो. इंग्रजी त्याला समजतं, बोलायला लाजतो.

चौथ्या आठवड्यात ग्रेगचा कॉल होता. मी तयारीत होतो. टॉवेलची नाही, बास्केटबॉलची. ग्रेगनं विचारलं, “हाऊ इज युवर लीग?” मी सुरू झालो. बचाव कसा बदललाय, लांबून मारायचं प्रमाण कसं वाढलंय, मी स्वतः कॅप्टन असताना कसं होतं... ग्रेग मान हलवत होता आणि कॉफी पीत होता.

मग त्यानं विचारलं, “सो हू इज विनिंग?”

मी समोरचे कागद सारखे करायला लागलो. माने साहेब म्हणाले, “नागेश. बॅक साइड.”

ग्रेग खुर्चीत पुढं सरकला. त्यानं नागेशला विचारलं की टीम कशी निवडली. नागेशनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग तो टॉवेल छातीशी धरून पुढे आला आणि त्याच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यानं ती जावयाची गोष्ट सांगितली. ‘सन-इन-लॉ लूम.’ ‘फाइव्ह डे वर्क, टू डे हॉलिडे, व्हेरी रिस्पेक्ट.’

ग्रेग इतका हसला की त्याची कॉफी सांडली. हातातल्या टॉवेलनंच त्यानं टेबल पुसलं. तो टॉवेल आमचा होता, तेवढंच समाधान.

त्या दिवशी ऑर्डर कमी न होता वाढली. माने साहेबांनी नागेशच्या पाठीवर थाप मारली. अकरा वर्षं त्या ग्रेगच्या पोरांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा मी! सणासुदीला शुभेच्छा पाठवणारा मी! आणि पुढच्या कॉलला स्क्रीन लागली, मी “गुड मॉर्निंग ग्रेग” म्हणायला तोंड उघडलं, तर तो म्हणतो,

“व्हेअर इज नागेश?”

*

पाच आठवडे झाल्यावर माने साहेबांना वाटलं की कारखान्यासारखा लीगचाही रिव्ह्यू घ्यावा.

“प्रत्येकानं दुसऱ्याच्या टीमचा रिपोर्ट लिवायचा. जमेच्या बाजू काय, कमकुवत बाजू काय. मंद्रूपच्या बाजारात बैल घेताना दात बघत्यात, तसं दात बघून सांगा!”

चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत नागेशची टीम आली. नागेशच्या चिठ्ठीत माझी. तेव्हा नागेश पहिल्या नंबरावर होता आणि मी पाचव्या. माझ्या खाली डिस्पॅचचा एकजण, ज्याच्या टीममध्ये लीग सोडून गेलेला खेळाडू अजून तसाच होता.

मी शनिवारची अख्खी दुपार तो रिपोर्ट लिहिला. सोमवारी मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि वाचायला लागलो.

“जमेच्या बाजू. एक, सर्व खेळाडू उपलब्ध असतात. दोन, काही नाही.”

शबाना मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“कमकुवत बाजू. एक, या टीममध्ये कुठलीही चमक नाही. दोन, मुळात या खेळाची समज नाही. तीन, जे मिळालंय ते पहिल्या चिठ्ठीमुळं मिळालंय. चार, साधेपणाचा आव आणला जातो. पाच, न मागता लोकांचं कौतुक मिळवायची सवय. सहा, वरिष्ठांच्या समोर पुढं पुढं करणं...”

मी पान उलटणार एवढ्यात माने साहेबांनी हात वर केला.

“जाधव, एक इचारू का?”

“विचारा ना साहेब.”

“हे टीमचं लिवलंय का नागेशचं?”

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बसलो.

मग नागेश उठला. त्याचा रिपोर्ट चेकिंगच्या पावतीमागं लिहिलेला होता. तो जसाच्या तसा सांगतो.

“जमेच्या बाजू. सरांना हा खेळ आतनं कळतो. खेळाडू सगळे भारी हायत. तीन बरे झाले की ही टीम एक नंबर. कमकुवत बाजू. सर रोज बदल करतात. काल घेतलेला आज काढतात. खेळाडूला बी वाटत असंल, आपन ह्यांना आवडत न्हाय.”

तो बसला. माने साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मी घरी जाऊन माझी टीम उघडली आणि डावखुऱ्याला परत आत घेतला. सकाळीच काढला होता.

*

पुढच्याच आठवड्यात माझी आणि नागेशची लढत होती. हा किस्सा ऑफिसात कुणाला माहीत नाही.

आठवडाभर मी काही बदललं नाही. माझ्या खेळाडूंना काय झालं कुणास ठाऊक, दुखापतवाले सोडून सगळेच खेळायला लागले. सोमवारी सकाळी, शेवटच्या दिवशी, मी अकरा पॉइंटांनी पुढं होतो. माझे सगळे खेळून झाले होते. नागेशचा एक राहिला होता. त्याची मॅच आपल्या साडेआठला सुरू होणार होती.

मी बसमध्ये बसलो तेव्हा सात चाळीस झाले होते. मोबाइल उघडून नागेशची टीम बघितली आणि परत एकदा नीट बघितली. नागेशनं त्याचा तो खेळाडू बाहेर बाकावर ठेवलेला होता! आत होता एक आजारी माणूस, जो खेळणारच नव्हता. बाकावरच्याचे पॉइंट मोजत नाहीत. नागेश हे रोज सकाळी बसमध्ये बघायचा, बरोबर पावणेआठला. दोन मिनिटांचं काम.

आणि नागेश बसमध्ये नव्हता.

एकही दिवस न चुकवणारा माणूस. त्याची सीट माझ्या शेजारीच, रिकामी. माझ्या हातात मोबाइल, त्यात त्याचा नंबर. मी नंबर काढलासुद्धा. मग मनाशी म्हणालो, बघेल तो, त्याला काय सांगायचं! मग म्हणालो, नियमात कुठं लिहिलंय की प्रतिस्पर्ध्याला आठवण करायची? मग मी मोबाइल खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. साडेआठला बस कारखान्यापाशी वळली. टीम बंद झाली. आता बदल नाही.

त्या बाकावरच्या माणसानं चौतीस पॉइंट केले. मोजलेच नाहीत.

मी जिंकलो. माने साहेबांनी मला भजी खायला घातली. शबाना मॅडम म्हणाल्या, “नागेशभाईच्या आईचं ऑपरेशन हाय आज, डोळ्याचं. तुमाला बोलले नाहीत का?” मला बोलला नव्हता. मीटिंगनंतर आम्ही फारसं बोललोच नव्हतो.

मंगळवारी नागेश आला. बसमध्ये चढल्या चढल्या त्यानं माझा हात हातात घेतला.

“सर, अभिनंदन! काल दवाखान्यात आईला सगळी मॅच वाचून दाखवली. डोळ्याला पट्टी होती ना, बसून काय करनार बिचारी.”

“तू... तुझा एकजण बाहेर राहिला ना रे?”

“व्हय की! आईला आत न्हेईपर्यंत मोबाइल हातातच होता बघा सर. पन आठवलंच न्हाय.”

तोच पुढं म्हणाला,

“आईला सांगितलं जाधव सर जिंकले. आई म्हनली, बरं झालं. खेळलेलं मानूस हाय ते, त्यानं जिंकायला पायजे.”

*

आता शेवटचा. हा मात्र सगळ्यांना माहीत आहे, कारण माने साहेबांकडे याचा फोटो आहे.

त्यानंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. नागेशनं मला एकदा तरी खरं खेळताना बघावं. मोबाइलवर नाही, मैदानावर. रविवारी सकाळी मी त्याला, मी पूर्वी खेळायचो त्या जुन्या ग्राउंडवर बोलावलं. सोबत माने साहेबही आले, त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

नागेश स्कूटीवर आला आणि मागं त्याची आई. डोळ्यावर तो ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा. “आई म्हनली मला बी यायचंय,” तो म्हणाला. आई पलीकडे सिमेंटच्या बाकावर बसली.

मी बूट बांधले, बॉल दोनदा आपटला आणि टाकला. हुकला. दुसरा हुकला. तिसरा मात्र असा गेला की, हाताला कळतं बघा, सुटतानाच कळतं. रिंगला न लागता आरपार!

मी मागं वळून बघितलं. तिघंही तसेच.

“गेला का रे?” आईनं विचारलं.

“काय कळलं न्हाय,” माने साहेब म्हणाले. “बाजूनं गेल्यासारखा वाटला.”

रिंगला जाळीच नव्हती. कित्येक वर्षं नसावी. जाळी नसली की बॉल आतून गेला की बाहेरून, लांबून कळत नाही. मी आणखी चार टाकले. चारही आत. चारही वेळा आई विचारायची, “गेला का?” आणि नागेश म्हणायचा, “गेला असंल, आई.”

पुढच्या रविवारी तिघंही परत आले; आई त्याच बाकावर बसली आणि नागेशच्या हातात पिशवी होती. पिशवीत नायलॉनची जाळी. उजनीच्या पाण्याकाठी एका गावात त्याचा मित्र मासेमारी करतो, त्याच्याकडून मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा आणून त्यानं तो गोल शिवला होता. बारा जागी दोऱ्या सोडल्या होत्या.

“बांधायची कशी?” मी विचारलं. शिडी नव्हती. मी सहा फूट एक इंच, उडी मारून रिंगला हात लावू शकतो, पण बारा गाठी उडीत मारता येत नाहीत. नागेश पाच फूट चार.

नागेशनं चपला काढल्या.

मी रिंगखाली उकिडवा बसलो. तो माझ्या खांद्यावर चढला. माने साहेबांनी मागून त्याला धरलं आणि मी हळूहळू उभा राहिलो. मग तो खांद्यावर सरळ झाला, एका हातानं रिंग धरली आणि गाठी मारायला लागला. एक, दोन. चेकिंगसारखी प्रत्येक गाठ ओढून बघायचा. मला वर काहीच दिसत नव्हतं. फक्त त्याच्या पावलांचं वजन आणि समोर लांब मैदान. सकाळी फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. सात, आठ. माने साहेब मोबाइल काढून फोटो घेत होते. दहा. अकरा.

“झालं सर, एकच राहिली!”

बारावी गाठ बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागेशनं वरून दोन्ही हात उंच केले.

पलीकडच्या बाकावर आई उठून उभी राहिली. तिनं चष्म्यावर हाताचा आडोसा धरला, बराच वेळ आमच्याकडे बघितलं आणि ओरडून म्हणाली,

“नागेश! केवढा उंच झालास रे!”